पांढरी पाच गप्प बसेना

सापडला! मी घरीच दुरुस्त केलेल्या माझ्या जुन्या पेटीतला (हार्मोनियममधला), सतरा दिवस छळणारा दोष आज सकाळी पावणेसात वाजता चिमट्याच्या टोकावर आला. तो काय निघाला ते सांगतेच, पण आधी आषाढी एकादशीच्या संध्याकाळपासून सुरुवात करावी लागेल. तिथे जे झालं त्याशिवाय हा शोध अर्धाच राहील.

त्याआधी भात्याची खबर. मागच्या लेखात भात्याच्या ज्या घडीवर मी एवढं लिहिलं होतं, ती उत्तम धरते आहे. सगळे स्टॉपर, म्हणजे आत हवेची वाट उघडणारे-मिटणारे खटके, बंद करून भाता भरला की आता एकोणीस सेकंद हवा टिकते. आधी सहा सेकंदांत पोट रिकामं व्हायचं. कोपऱ्यांना दुहेरी चामडं लावा असं ज्यांनी सुचवलं होतं त्यांना मनापासून नमस्कार.

तर आषाढी. गल्लीतल्या विठ्ठलमंदिरात आमच्या महिला मंडळाचा हरिपाठ होता. दुरुस्तीनंतर पेटी पहिल्यांदाच घराबाहेर निघाली होती. रिक्षात मांडीवर आडवी घेऊन, वर प्लॅस्टिक टाकून नेली, कारण सांगलीत त्या दिवशी पावसानं उसंत घेतली नव्हती. नेहमीप्रमाणे काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, सा म्हणून धरली, भाता दिला आणि ‘देवाचिये द्वारी’ सुरू होणार, एवढ्यात मधल्या सप्तकातली पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, आपली आपण वाजायला लागली. पट्टीला माझं बोटही लागलेलं नव्हतं. काळी चार हा सा असेल तर पांढरी पाच म्हणजे शुद्ध नी, तोही अखंड, षड्जाच्या अगदी खेटून. चौदा बायका सा लावताहेत आणि खालून तो नी त्यांचा पदर ओढतोय. दोन ओळींत सगळ्यांचे सूर हलले.

मी पहिल्यांदा पुढची बटणं तपासली. षड्जाचं बटण ओढून ठेवलं की एक सूर अखंड वाजतो; एखादं ओढलेलं राहिलं की असंच होतं. सगळी आत होती. भाता थांबवला की सूर थांबे, भाता दिला की हजर. एका काकूंचा पाच वर्षांचा नातू पुढे येऊन म्हणाला, ‘पेटीला आधी बोलायचंय.’ मंदिरात जे हसू उसळलं ते पुजारीबुवांपर्यंत पोहोचलं. मला मात्र रडू आवरेना. तीन महिने खपून तयार केलेली पेटी, पहिलीच एकादशी आणि हे असं.

तेव्हा आमच्या सगळ्यांत वडीलधाऱ्या आजी बोलल्या. वय ब्याऐंशी, आवाज अजून खणखणीत. ‘अगं, तो गप्प बसत नाही ना? मग आपणच त्याच्यात बसू. तोच सा धर.’

मी पांढरी पाच सा धरला. अर्धा सूर खाली. त्या क्षणापासून जो सूर हरिपाठ मोडत होता तोच आधारस्वर झाला, तंबोऱ्यासारखा, न थकता. सत्तावीस अभंग त्या एका अडकलेल्या सुरावर झाले. नेहमी ज्या तिघी तारसप्तकात गप्प होतात त्यांनी त्या दिवशी वरची ओळ पूर्ण म्हटली. पेटीचा सूर वाकत नाही, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) येत नाही, ही तिच्यावरची फार जुनी तक्रार. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ तिला दाराबाहेर ठेवलं त्यामागे हेच मोठं कारण होतं. त्या संध्याकाळी पेटी वाकू शकत नव्हती म्हणून आजी वाकल्या. ब्याऐंशीव्या वर्षी, एका वाक्यात, हसत. मी तीस वर्षं हरिपाठ म्हणते आहे, पण शरण जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी ऐकू आलं.

आता दोष. घरी आणून टेबलावर ठेवली तर पांढरी पाच एकदम शांत. दोन दिवस मी वाजवून वाजवून थकले, काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रियाजाला बसले आणि पुन्हा सुरू. ज्यांनी येणारा-जाणारा दोष शोधला आहे त्यांनाच हे दुःख कळेल. सतत बिघडलेली वस्तू परवडते.

पहिला संशय दमटपणावर. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्टी शेजारणीला घासते आणि वर येताना अडते. मी पांढऱ्या पाचची एक बाजू पॉलिशपेपरनं केसभर घासली. उपयोग शून्य. दुसरा संशय कपलरवर, म्हणजे एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी दाबणाऱ्या तारांच्या जोडणीवर. त्याची तार सोडून बघितली, तरी वाजतेच. मग एका दुरुस्ती करणाऱ्यांना दाखवली. त्यांनी दोन मिनिटं ऐकून ‘सूर गेले, रीडबोर्ड बदला’ (सूर म्हणजे आवाज देणाऱ्या पितळी जिभा, रीडबोर्ड म्हणजे त्या जिच्यावर बसतात ती फळी) असं सांगितलं आणि जो आकडा काढला त्यात माझं निम्मं काम नव्यानं झालं असतं. पेटी उचलून परत आणली, कारण एक गोष्ट मी घरी तपासून गेले होते. ही दुहेरी सुरांची पेटी आहे, ४२ पट्ट्या, ८४ सूर: प्रत्येक पट्टीला एक खालचा, खर्ज, आणि एक वरचा, नर. खर्जाचा स्टॉपर बंद केला तर नर वाजत होता, नर बंद केला तर खर्ज. दोन वेगळे सूर एकाच दिवशी, एकाच तऱ्हेनं कसे बिघडतील? दोष सुरात नव्हताच. पट्टीच्या मागच्या टोकाखाली चामड्याची जी झडप भोक झाकते, ती पुरती बसत नव्हती. हा साधा तपास घरी आधी करा आणि मगच कोणाच्या दुकानाची पायरी चढा.

मग नीट बघितलं तेव्हा दिसलं की पांढऱ्या पाचचं पुढचं टोक शेजारच्या पट्ट्यांपेक्षा किंचित खाली आहे. अर्धा मिलिमीटर असेल. पुढे खाली म्हणजे मागे वर. स्प्रिंग सैल पडली असणार असं मी ठरवून टाकलं आणि ऑनलाइन नव्या स्प्रिंगांचा संच मागवला. तो संच कोणी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पोलादी आहेत, फार ताठ. बोटाला पट्टी दगडासारखी लागते आणि द्रुत लयीत हात दुखतो. जुन्या पेटीतल्या पितळी तारेच्या स्प्रिंगा मऊ असतात, त्या जपा. पण त्या वेळी मला वाटलं, ताठ तर ताठ, झडप दाबून बसवेल. स्प्रिंग वरूनच बदलता येते, पट्टी उचलावी लागत नाही, म्हणून मी पट्टी उचललीच नाही. चूक तिथे झाली. सूर थोडा बारीक झाला, पण थांबला नाही. आठ दिवस मी त्या बारीक सुराला सुधारणा म्हणत राहिले.

काल रात्री कागदाची युक्ती आठवली. वहीच्या कागदाची बोटाच्या पेराएवढी रुंद पट्टी कापायची, झडपेखाली सरकवायची आणि ओढून बघायची. झडप नीट बसली असेल तर कागद धरला जातो. उजवीकडे धरला गेला, डावीकडे लोण्यातून सुरी यावी तसा आला. म्हणजे झडप एका बाजूनं टेकलेली होती आणि दुसऱ्या बाजूला तिच्याखाली काहीतरी होतं. रात्री अकराला पेटी उघडायची नाही हा घरचा नियम आहे, म्हणून सकाळची वाट पाहिली.

सकाळी पट्टी उचलली. झडपेच्या चामड्याला डाव्या कडेशी चिकटून बसलेला तांदळाचा एक दाणा, पिवळा, टोकाला कुंकवाचा लाल ठिपका.

अक्षता! गेल्या खंडेनवमीची.

आमच्याकडे खंडेनवमीला सासूबाई घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करतात. विळी, ह्यांचा पान्ह्यांचा डबा, शिलाई मशीन आणि आता माझी पेटी. मिरजेच्या तंतुवाद्यवाल्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते, शस्त्रं घडवणारे, त्यांनी पुढे सतारी आणि तंबोरे करायला घेतले. त्यामुळे शस्त्रांच्या पूजेत वाद्य ठेवलं की मला ते आमच्या मुलखाला शोभणारंच वाटतं. आईंचा हात सढळ आहे. गंध, फूल आणि मूठभर अक्षता. पेटीची जाळी त्या दिवशी मीच काढून ठेवली होती, पट्ट्या पुसायला. एक दाणा फटीतून आत गेला आणि नऊ महिने रीडबोर्डवर निवांत पडून राहिला. आषाढीला रिक्षात पेटी आडवी झाली तसा घरंगळत झडपेपाशी आला. मी पांढरी पाच दाबली की झडप उचलायची, दाणा कधी आत सरकायचा, कधी बाहेर. म्हणून दोन दिवस शांतता.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईंच्या तळहातावर तो दाणा ठेवला आणि कुठे होता ते सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. ‘म्हणजे तुझी पेटी मी बिघडवली?’ मी म्हटलं, ‘आई, तुम्ही पूजा केलीत आणि पेटी आपली आपण गायला लागली. आणखी काय हवं?’ त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसायला लागल्या की गॅस बंद करून खाली बसल्या. मीही बसले. दूध उतू गेलं असतं. हसू ओसरल्यावर त्यांनी दाणा उजेडात धरला. कुठे तुटला नव्हता. माझ्या त्या पोलादी स्प्रिंगनं आठ दिवस दाबूनही अक्षतच होता. त्यांनी तो देवघरात अन्नपूर्णेपुढे ठेवला.

पुढचं काम. दाणा निघाला तरी पांढरी पाच अजून कुजबुजते. भरलेल्या भात्यावर कान लावला तर सुस्कारा ऐकू येतो. ताठ स्प्रिंगनं तो दाणा चामड्यात दाबला आणि तिथे खळगा पडला आहे. जुनी पितळी स्प्रिंग परत बसवली. खळगा भरून निघेल असं वाटून चामड्याची लव दात घासायच्या मऊ ब्रशनं उलटी फिरवली, थोडा फरक पडला. मी ठरवलं होतं की आता बेचाळीसही झडपांचं चामडं आणि त्याखालची बनात (जाड लोकरी कापड) बदलून टाकायची. मेंढीचं पातळ चामडं घ्यायचं, जाड नको, जाडाच्या कडा उचलतात. हिशोबही मांडला होता.

पण हे लिहिता लिहिता एक सुचलं. झडपेवरची चामड्याची पट्टी भोकापेक्षा बरीच लांब आहे. खळगा एका टोकाजवळ आहे. ती सोडवून उलटी, म्हणजे टोकांची अदलाबदल करून, लावली तर खळगा भोकाच्या कडेवरून सरकून बाहेर जाईल ना? बेचाळीस झडपांना हात लावायची गरजच नाही. थांबा, बघून येते.

आले. दीड तास गेला. गरम पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं ठेवलं आणि चामडं अलगद सुटलं, कारण जुन्या कारागिरानं ते सरसानं चिकटवलं होतं. म्हणूनच मी पांढऱ्या डिंकाच्या विरोधात एवढी बोलते. तो धरतो चांगला, पण पुढच्या माणसाला उघडू देत नाही. सरस लावणारा माणूस पुढे कधीतरी कोणीतरी हे उघडेल हे धरून काम करतो. (मंडळात एकीनं विचारलं होतं की देवापुढच्या वाद्यात सरस आणि चामडं कसं चालतं. मी तिला पखवाजाकडे बोट दाखवलं.) चामडं उलटं बसवलं आहे, वर वजन म्हणून खलबत्त्याचा बत्ता ठेवला आहे. उद्या सकाळी कळेल. कागद दोन्ही बाजूंनी धरला गेला तर बेचाळीस झडपांचा बेत पुढच्या उन्हाळ्यावर.

घासलेल्या पट्टीची बाजू आता शेजारणीपासून थोडी लांब पडली आहे. खडखडत नाही, पण मला दिसते. तिला पातळ बनात लावेन.

मंडळाचं सांगायचं राहिलं. परवाच्या बैठकीला पेटी घरीच होती, आम्ही नुसत्या टाळांवर म्हटलं. सूर कुठला धरायचा विचारलं तर सगळ्या एकदम म्हणाल्या, पांढरी पाच. काळी चारला परत जायचं नाही असं ठरलंय. आजींनी एवढंच विचारलं, ‘दुरुस्त झाल्यावर तो सूर सारखा वाजणार नाही का गं?’ त्यांच्यासाठी पुढच्या एकादशीला मी षड्जाचं बटण पांढऱ्या पाचला जुळवून ओढून ठेवणार आहे. पेटीच्या पुढच्या चार बटणांत तो सूर नाही, म्हणजे एका बटणाचा सूर बदलावा लागेल. काळ्या चारचा काढून पांढऱ्या पाचचा बसवायचा की त्याचाच मुळाशी घासून अर्धा सूर खाली आणायचा? अर्ध्या सुरासाठी मुळाशी एवढं घासलं तर जीभ कमजोर पडेल अशी मला भीती आहे, म्हणून नवा सूर घेण्याकडे कल आहे. ज्यांनी हे केलं आहे त्यांनी सांगा.

आणि येत्या खंडेनवमीला आई फक्त फूल वाहणार म्हणाल्या. मी नको म्हटलं. मूठभर अक्षता पडल्याच पाहिजेत. मी जाळीखाली मलमल ताणून बसवते आहे, अर्धा मीटर पुरेल.