पहिला नंबर वाया घालवू नका, असं मीच म्हणालो होतो

ताईकडे अजूनही ॲडमिशनचा विषय निघाला की दाजी माझ्याकडे न बघता चहा ढवळत बसतात. कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमाने लिहायचा ऑप्शन फॉर्म मी भरला होता ना.

२०२४ ची गोष्ट. भाचीला इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, सीईटीत, ९७ च्या आसपास परसेंटाईल. कॅप राऊंडला, म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांना, अवकाश होता, आणि हातात काहीतरी असल्याशिवाय दाजींना झोप लागेना. म्हणून कराडातच एका कॉलेजात बीएस्सीला नाव घालून ठेवलं. फी भरली, मूळ दाखला दिला, पेढेसुद्धा वाटले.

मग ऑप्शन फॉर्म. भाची म्हणत होती, "मामा, सगळ्यात वर पुण्याचं सीओईपी टाक. मेटलर्जी मिळाली तरी चालेल मला." मी बँकेत बावीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासलेला माणूस. म्हटलं, मिळायचं नाही त्याच्यावर पहिला नंबर कशाला वाया घालवायचा? सांगलीच्या वालचंद कॉलेजचं इलेक्ट्रिकल एक नंबरला टाकलं आणि सीओईपी त्याच्या खाली.

इथेच घोळ झाला. यंत्रणा आपली यादी वरून खाली बघत येते. वरचं बसलं नाही तर खालचं बघते, त्यात आपलं काही जात नाही. अशक्य वाटणारं कॉलेज वर लिहिलं म्हणून कुणी दंड करत नाही. हे मला कळलं ते पहिल्या फेरीत वालचंद लागल्यावर. लॉगिन केलं तर 'बेटरमेंट'चा, म्हणजे पुढच्या फेरीत वरचं कॉलेज मागायचा, पर्यायच नाही. पहिली पसंती मिळाली की सीट आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की. नको म्हटलं तर पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचं लागलं असतं तर हजार रुपये भरून ते धरून ठेवता आलं असतं आणि वरच्याची वाटही बघता आली असती.

"म्हणजे मी हो म्हणायच्या आधीच हो झालंय?" भाची म्हणाली. ताई देवघरात गेली.

तसं पाहिलं तर वालचंदला जायलाच हवं अशी सक्ती नव्हती. शेवटच्या तारखेआधी प्रवेश रद्द केला की हजार रुपये कापून फी परत. पण रद्द करून जायचं कुठे?

आणि जिथे खरोखर काही बांधलेलं नव्हतं, त्या बीएस्सीच्या कॉलेजात मात्र दाखला अडला. बीएस्सीच्या खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "ॲडमिशन एकदा घेतली म्हणजे घेतली. वर्षाची फी भरा, मग दाखला." दाजी तीनदा जाऊन रिकाम्या हाताने परतले. चौथ्यांदा मी युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, पत्राची प्रत घेऊन गेलो. त्या वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार कापायचे, आणि मूळ कागद अडवून ठेवायला तर आधीपासूनच मनाई. दाखला पंधरा मिनिटांत मिळाला. फी यायला दिवाळी उजाडली.

पुढच्या वर्षी नियम आणखी आवळले. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी काहीही लागलं तरी फ्रीज, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. शेजारचे काका मुलाचा फॉर्म भरायला मला बोलवायला आले होते. मी मुलालाच लॅपटॉपसमोर बसवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

भाची सांगलीत रमली आहे, निदान तसं म्हणते. त्या वर्षीची सीओईपीची तिसऱ्या फेरीची कटऑफ मी अजून उघडून बघितलेली नाही. तिने बघितली असणार.