दहावा खंड, दुसऱ्यांदा

रात्रीचा दीड वाजलाय. रॉबर्ट जॉर्डनच्या ‘व्हील ऑफ टाइम’ या चौदा खंडांच्या फँटसी कादंबरीमालिकेचा दहावा खंड आत्ता हातावेगळा केला. पहिल्या वेळी याच खंडावर मी इतकी वैतागले होते की पुस्तक मिटून कित्येक महिने उघडलंच नाही. नवव्याच्या शेवटी एवढी प्रचंड घटना घडते, आणि दहाव्यात शेकडो पानं कशाची, तर तेव्हा बाकीचे लोक कुठे काय करत होते त्याची! कुणी शहराला वेढा घालून बसलंय, कुणी पळवून नेलेल्या बायकोचा माग काढतंय. दूर कुठेतरी शक्तीचा वणवा पेटलाय एवढं काहींना जाणवतं. कुणी पेटवला, कशासाठी, काही कळत नाही. कथानक जागचं हलत नाही.

आज तीच पानं सावकाश वाचली. सुट्या कादंबरीत संपादकाने ती कापली असती, आणि योग्यच केलं असतं. पण नऊ खंडांच्या सोबतीनंतर ही माणसं आपली झालेली असतात. नायकाने जग बदलून टाकलंय आणि यांना त्याची खबरही नाही, यांच्या डोक्यात उद्याच्या धान्याची चिंता. ते जग मला इतकं खरं कधीच वाटलं नव्हतं. हे पहिल्या किंवा दुसऱ्या खंडात जमलंच नसतं.

लांबलेली गोष्ट मागे जाऊनही बदल करते. टॉल्किनच्या ‘द हॉबिट’ या कादंबरीच्या 1937च्या आवृत्तीत गॉलम हा गुहेतला प्राणी नायक बिल्बोशी खेळलेल्या कोड्यांच्या पैजेत आपली जादूची अंगठी खुशीने बक्षीस म्हणून लावतो, आणि ती सापडत नाही तेव्हा चक्क माफी मागतो! पुढच्या मोठ्या कथेत, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये, ती अंगठी घातक ठरली, तेव्हा टॉल्किनने 1951मध्ये ते प्रकरण बदललं. जुनी हकिगत म्हणजे बिल्बोने मारलेली थाप, असं ठरलं. एका दुरुस्तीतून त्या भल्या माणसावर अंगठीची पहिली सावली पडली. मला हे फार सुंदर वाटतं.

ॲसिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’ या विज्ञानकथा-मालिकेचं मात्र दुखतं. 1940च्या दशकातल्या त्या कथांमध्ये इतिहास कोट्यवधी माणसांच्या रेट्याने चालायचा. 1980च्या दशकात ॲसिमॉव्ह या मालिकेकडे परत आला, आपल्या रोबोंच्या कथा त्यात जोडल्या, आणि हजारो वर्षं पडद्यामागे एक रोबो होता असं निघालं. धागे जुळले, पण मूळ कल्पनेतलं धाडस गेलं.

रॉबर्ट जॉर्डन 2007मध्ये गेला. त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने मालिका पुरी केली. शेवटचा म्हणून योजलेल्या एका खंडाचे तीन झाले, चौदावा 2013मध्ये आला. अकरावा हा जॉर्डनने स्वतः पूर्ण केलेला मालिकेतला शेवटचा खंड. तो उशाशी काढून ठेवलाय. प्रत्येक खंडाच्या पहिल्या प्रकरणात कुठेतरी वारा सुटतो, तेवढा परिच्छेद वाचते आणि दिवा मालवते.