तुम्ही विचारलंत म्हणून: कर्ज द्यावं की देऊन टाकावं?

मी विकासाच्या अर्थकारणावर लिहिते, त्यामुळे एक प्रश्न वरचेवर माझ्याकडे येतो. ‘गरीब देशांतल्या माणसांना स्वतःच्या धंद्यावर उभं राहायला मदत करायची आहे. पैसे कर्जाऊ द्यावेत, की देऊन टाकावेत?’ मी ‘कर्जाऊ’ म्हणावं अशी विचारणाऱ्याची बहुधा अपेक्षा असते. फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं ना.

मी उलट विचारते: पहिला हप्ता कधी?

बांगलादेशातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी १९७६ साली चितगावजवळच्या जोब्रा गावात ४२ जणांना मिळून साधारण २७ डॉलर उसने दिले. त्यातून १९८३ साली ग्रामीण बँक झाली, २००६ साली नोबेल मिळालं. तारण नसलेला गरीबही कर्ज फेडतो, हे तिने जगाला दाखवलं आणि ते लहान काम नव्हतं. पण कर्ज फिटलं म्हणजे धंदा वाढला असं होत नाही. भारत, बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथे अशा छोट्या कर्जांवर, म्हणजे सूक्ष्मकर्जावर, झालेल्या सहा अभ्यासांचे निष्कर्ष २०१५ साली एकत्र प्रसिद्ध झाले. थोडाफार फायदा दिसला, पण आयुष्य पालटलेलं दिसलं नाही.

याचं एक कारण हप्त्यात आहे. सूक्ष्मकर्जाची वसुली बहुतेक ठिकाणी आठवड्या-पंधरवड्यात सुरू होते. शिलाई मशीन घेतलं तर गिऱ्हाईक जोडायला दोन-तीन महिने जाणार, तोवर हप्ता कुठून भरायचा? मग सकाळी माल उचलायचा आणि संध्याकाळपर्यंत विकून मोकळं व्हायचं, असाच धंदा निवडला जातो. त्याच रस्त्यावर तोच माल विकणारे आणखी दहाजण असतात. बाहेरून बघणारा म्हणतो, यांच्यात धडाडी नाही. धडाडीचा प्रश्नच नाही. हातातल्या पैशाला जे परवडतं तेच माणूस करतो.

एरिका फील्ड, रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कोलकात्यात तपासलं. काही कर्जदार बायकांना नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी हप्ता सुरू केला, काहींना दोन महिन्यांची सवड दिली. सवड मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि तीन वर्षांनी त्यांचा नफा सुमारे ४१ टक्क्यांनी जास्त निघाला. मात्र कर्ज थकवण्याचं प्रमाणही त्यांच्यातच वाढलं. जोखीम घेतली की काहीजण बुडणारच. कर्ज देणाऱ्या संस्थेला ते परवडत नाही, म्हणून ती हप्ता लवकर सुरू करते आणि तिच्या जागी मीही तेच केलं असतं. पण देणगीदाराचे पैसे? ते बुडाले तर कुणाचा ताळेबंद कोलमडत नाही. म्हणून माझं मत असं, की देणगीचा पैसा तिथेच जावा जिथे कर्जाचा पैसा जायला कचरतो.

श्रीलंकेत २००५ मध्ये असा प्रयोग झाला. छोट्या धंदेवाल्यांना परतफेडीची अट न घालता १०,००० किंवा २०,००० श्रीलंकन रुपयांएवढी मदत दिली गेली, काहींना रोख, काहींना सामानाच्या रूपात. त्या भांडवलावर महिन्याला सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास परतावा मिळाला. इतका परतावा तुमच्या-माझ्या कुठल्याच गुंतवणुकीला मिळत नाही. पण हा सगळा फायदा पुरुषांच्या धंद्यात दिसला, बायकांच्या धंद्यात सरासरी काहीच नाही. त्यावरून ‘बायकांना धंदा जमत नाही’ असं अनुमान काढणारेही भेटतात. पुढे पांडे, फील्ड आणि इतरांनी श्रीलंका, भारत आणि घाना इथली आकडेवारी पुन्हा चाळली. घरात नवऱ्याचाही धंदा असेल तर बाईच्या नावाने आलेला पैसा तिकडे वळत होता. जिथे घरात तिचा एकटीचाच धंदा होता, तिथे तो पैसा पुरुषांइतकाच फळत होता. मदत कुणाच्या नावावर गेली याचा हिशेब संस्था ठेवतात, घरात ती कुठे वळली हे त्यांना सहसा ठाऊक नसतं.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात सांगते. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात छोट्या धंदेवाल्यांवर झालेल्या प्रयोगात नेहमीच्या जमाखर्चाच्या वर्गांतून फारसं काही हाती लागलं नाही. पुढाकार कसा घ्यावा, अडचण आधीच कशी हेरावी हे शिकवलेल्यांचा नफा मात्र ३० टक्क्यांनी वाढला.

अगदी खालच्या थरातल्यांना नुसते पैसे पुरत नाहीत. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने २००२ पासून त्यांना जनावरं किंवा दुसरं उत्पन्नाचं साधन, काही काळ घरखर्च, बचतीची सोय आणि नेमाने घरी येणारा कार्यकर्ता असं सगळं एकत्र दिलं. याच धर्तीच्या कामाची सहा देशांत परीक्षा झाली, आणि मदत संपल्यावर वर्षभरानेही त्या घरांची मिळकत आणि खर्च इतरांपेक्षा जास्त होता. हे महाग पडतं, हेही तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

आणि शेवटी, प्रत्येक गरिबाला उद्योजक व्हायचं नसतं. हातगाडी लावणाऱ्या कितीतरी जणांना दर महिन्याला ठरलेला पगार मिळाला तर ते गाडी आनंदाने विकून टाकतील. त्यांच्यासाठी पन्नास-शंभर माणसं कामावर घेणारे कारखाने उभे राहायला हवेत. त्याला वीज, रस्ते आणि मोठं कर्ज लागतं. ते काम सरकारांचं आणि बँकांचं आहे, तुमच्या देणगीच्या आवाक्यातलं नाही.