रात्रीचा रोखपाल : तिसऱ्या खर्ड्याची हालहवाल

मंडळी, बुडालेल्या बँकेवरच्या माझ्या गोष्टीत मागच्या वेळी 62 पानांवर अडकलो होतो. आज 81 झाली. मधली 14 पानं केरात गेली ती वेगळीच. दोष सर्वस्वी माझा.

नव्यांसाठी थोडक्यात: अमेरिकेत पहिल्यांदा बुडालेली बँक म्हणून जिचं नाव घेतात ती ऱ्होड आयलंडमधली फार्मर्स एक्स्चेंज बँक. ग्लॉस्टर नावाच्या खेड्यात 1804 साली निघाली, 1809 मध्ये बसली. बोस्टनच्या अँड्र्यू डेक्स्टरने 1808 मध्ये ती कब्जात घेतली आणि तिच्या नोटा बोस्टनमध्ये खपवायला सुरुवात केली. (तेव्हा बँका स्वतःच्या नोटा काढत, आणि नोट परत आणली की बँकेने चांदीची नाणी द्यायची.) त्या पैशावर एक्स्चेंज कॉफी हाउस नावाची सात मजली इमारत उठत होती.

तर माझी गफलत. ग्लॉस्टर म्हणताच मी बंदर रंगवलं: गलबतं, सुकी मासळी, धुकं. छान जमलं होतं हो! मग नकाशा उघडला. बंदराचं ग्लॉस्टर मॅसॅच्युसेट्समध्ये. माझं ग्लॉस्टर समुद्रापासून आत, शेतकऱ्यांचं. आणि सगळी मेख तिथेच आहे. बँक जितकी आडगावी, तितकी नोट परत घेऊन चांदी मागायला येणारी माणसं कमी.

पहिल्या दोन खर्ड्यांत नायक डेक्स्टर होता. जमेना. तो नुसता पत्रं पाठवतो. घाम फुटतो तो रोखपाल विल्यम कोलवेलला. नोटेवर त्याची सही लागते, आणि डेक्स्टर त्याला कळवतो की झपाट्याने सह्या कर, पण रात्रीच, आणि कुणाला संशय येऊ देऊ नकोस. चाकू नाही, पिस्तूल नाही. बंद खिडकी, मेणबत्ती आणि ओल्या शाईच्या सह्या.

हे अंगात मुरावं म्हणून टाकाची निब आणि दौत आणली, कागदाच्या 200 चिठ्ठ्या कापल्या आणि जेवणं झाल्यावर बसलो. चाळिसाव्या चिठ्ठीला सहीतलं शेवटचं अक्षर गळालं. नव्वदीला करंगळीखालचा तळवा काळा झाला. शिवाय ओल्या चिठ्ठ्या एकावर एक ठेवता येत नाहीत, त्या घरभर पसराव्या लागतात! हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं. आता कोलवेलच्या खोलीत पलंगावर, खुर्चीवर, जमिनीवर नोटा वाळत पडल्यात आणि दारावर थाप पडते. हे प्रकरण एका बैठकीत झालं.

बाबा बँकेतूनच निवृत्त झालेत. त्यांनी वाचून एकच शेरा मारला, “अरे, दिवसा गिऱ्हाईक आलं की हा काय करतो? चांदी सावकाश मोजायची. चुकली म्हणायचं, पुन्हा मोजायची.” हा प्रसंग त्यांच्या नावावर.

भाषेचंही एक कोडं सुटलं. बोस्टनमध्ये गावाकडच्या नोटा दर्शनी किमतीला घेत नसत. ‘डिस्काउंट’ लिहिलं की दुकानातला सेल आठवतो. आपल्या सराफांचा ‘बट्टा’ शब्द बसवला आणि संवाद एकदम चालायला लागले.

उरला शेवट. चौकशी समिती तपासते तेव्हा बाहेर पाच लाखांहून जास्त डॉलरच्या नोटा फिरतायत आणि बँकेत नाणी आहेत 86 डॉलर 46 सेंटची. आकडा वाचून वाचक ‘बाप रे’ म्हणेल आणि पान उलटेल, म्हणून त्याला वजन द्यायचं ठरवलं. तेव्हा स्पॅनिश चांदीचे डॉलर चालत, एकेक साधारण 27 ग्रॅमचा. 86 चे झाले सव्वादोन किलोंच्या थोडे वर. तेवढी तूरडाळ कापडी पिशवीत भरून स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत नेली. डाव्या हाताने. कोलवेल समितीसमोर ती थैली तशीच आणून ठेवणार आहे.