अकोला नाही, अकोले
आज ठाण्यात जेलच्या भिंतीला लागून रिक्षा पंधरा मिनिटं अडकली. मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलो होतो. रिक्षावाल्या काकांनी मात्र भिंतीकडे बघून हळूच हात जोडले. देऊळ आहे की काय म्हणून मीही मान वर केली.

"आमच्या राघोजीला इथंच फाशी दिली ना."

"तुम्ही अकोल्याचे?"

"अकोला नाय, अकोले! भंडारदऱ्याकडचं."

राघोजी भांगरे, देवगावचे, महादेव कोळी या डोंगरातल्या आदिवासी जमातीतले. कोळ्यांच्या पिढ्यान् पिढ्या गडकिल्ल्यांच्या राखणीवर जगलेल्या. इंग्रज आले आणि ती कामं, ते हक्क गेले. राहिला शेतसारा, आणि तो भरायला सावकार. राघोजींच्या 1844-45 च्या बंडात नगर-नाशिक भागातल्या सावकारांची नाकं कापली गेली. हे काकांनी आरशातून माझ्याकडे बघत, स्वतःच्या नाकावरून बोट फिरवून सांगितलं! रागाची दिशा अचूक होती, कारण डोंगरातल्या माणसाला गव्हर्नर कधी दिसलाच नव्हता, वही घेऊन दारात उभा राहिलेला सावकार दिसायचा.

जानेवारी 1848 मध्ये राघोजी पंढरपुरात पकडले गेले. 2 मे 1848 ला इथे फाशी. आणि हा जेल म्हणजे पोर्तुगीजांनी 1730 मध्ये बांधायला घेतलेला किल्ला. नंतर मराठे आले, 1774 ला इंग्रज.

नऊ वर्षं याच रस्त्याने ऑफिसला जातोय मी. शाळेत बोस्टनची टी पार्टी मात्र पाठ केली होती.

उतरताना काका म्हणाले, "सुट्टे द्या बरं का, नाक नाय कापणार."