विसाने सुरू होणारा क्रमांक

फलटण तालुक्यातील एका वस्तीवर, पाचटाच्या ढिगाआड अर्धी झाकलेली ती जीप मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती निळ्या रंगाची होती. तिच्यात डिझेल इंजिन बसवलेले होते, बॉनेटला तारेने बांधून ठेवले होते आणि मागच्या पत्र्याचा खालचा भाग गंजून जाळीसारखा झाला होता. ज्यांची ती होती ते आबा मला सांगत होते की ही साधी जुनी जीप आहे, नातवाला शेडसाठी जागा हवी म्हणून काढायची आहे. मी खाली वाकून रेडिएटरच्या पुढचा चिखल फडक्याने पुसला आणि चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, दोन दांड्यांना जोडणारा आडवा तुकडा पाहिला. विलीज या अमेरिकी कंपनीने बनवलेल्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील जीपमध्ये हा तुकडा गोल नळीचा असतो. फोर्डने बनवलेल्या जीपमध्ये तो पालथ्या पन्हळीसारखा असतो. इथे पालथी पन्हळ होती. म्हणजे ही गाडी १९४२ ते १९४५ या काळात अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात तयार झाली होती आणि युद्धासाठीच तयार झाली होती.

जीपचा आराखडा विलीज-ओव्हरलँड कंपनीचा होता, पण एका कंपनीला सैन्याची गरज भागवणे शक्य नसल्यामुळे तेच नकाशे फोर्डला देण्यात आले. दोन्ही कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. फोर्डच्या गाडीला जीपीडब्ल्यू म्हणतात: जी म्हणजे सरकारी गाडी, पी म्हणजे ८० इंचांचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) आणि डब्ल्यू म्हणजे विलीजचा आराखडा. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, आपले वळणदार ‘एफ’ अक्षर उठवले होते. त्यामुळे आजही अशी गाडी उघडताना प्रत्येक बोल्ट रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, उजेडात धरून पाहावा लागतो आणि ‘एफ’ असलेला बोल्ट वेगळ्या डब्यात जातो.

या गाड्या आपल्याकडे आल्या त्या प्रामुख्याने आसाम आणि ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी. लेडोपासून चीनकडे जाणारा रस्ता, इंफाळ आणि कोहिमाच्या लढाया, त्यामागची रसद या साऱ्यांत जीपचा वापर झाला. युद्ध संपल्यावर उरलेला माल विकला गेला आणि जीप जंगल खात्याकडे, संस्थानिकांकडे, ठेकेदारांकडे आणि शेतकऱ्यांकडे पोहोचली. पुढे मुंबईत महिंद्रानेही विलीजच्याच जीपची जुळणी सुरू केली. जुन्या जीपचे पुष्कळसे सुटे भाग आपल्याकडे इतकी वर्षे मिळत राहिले याचे श्रेय मी त्या सातत्याला देतो; जगातील फार थोड्या देशांतील जीपप्रेमींना ही सोय लाभली असेल.

मूळ इंजिनाविषयी मी फारशी आशा न ठेवता विचारले. आबा म्हणाले, “ते व्हय? ते गोठ्यामागं पडलंय. वडलांनी हिरीवर बसवलं हुतं, पाणी उपसायला.” गोठ्यामागे, एका दगडी डोणीशेजारी, मातीत रुतलेला तो बिडाचा ठोकळा पडला होता. फोर्डची एक पद्धत अशी होती की इंजिनाचा जो क्रमांक तोच चासीवर ठोकला जाई. विलीजमध्ये हे दोन क्रमांक वेगवेगळे असत. मी तारेच्या ब्रशने इंजिनावरची सपाट जागा घासली, तिच्यावर खडू फिरवला आणि खोलगट आकडे पांढरे होऊन वर आले. मग चासीच्या डाव्या दांडीवर, पुढच्या बाजूला, तसेच केले. जीपीडब्ल्यू ही अक्षरे आणि त्यापुढचे सगळे आकडे जुळले. कारखान्यातून एकत्र निघालेले इंजिन आणि चासी एकाच शेतात, शंभर पावलांच्या अंतरावर, कित्येक दशके पडून होते. आबांनी ठरलेल्या किमतीत इंजिनही दिले आणि जुने नोंदणीपुस्तक लोखंडी ट्रंकेतून शोधून काढून माझ्या हातात ठेवले. ते पुस्तक नसते तर मी गाडी घेतली नसती.

कागदांचे हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण सैन्यातून निवृत्त झालेली वाहने घेण्याची हौस असणारे पुष्कळ लोक गाडी आधी पाहतात आणि कागद नंतर मागतात. सैन्य ज्या गाड्यांची दुरुस्ती परवडत नाही असे ठरवते त्या लिलावात निघतात. हल्ली हे लिलाव मुख्यतः एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन होतात आणि गाड्या एकेक न विकता लॉटने विकल्या जातात, त्यामुळे त्या आधी व्यापाऱ्याकडे जातात. जबलपूरच्या कारखान्यात बनलेली जोंगा अशीच अनेकांच्या हाती आली. निस्सानच्या ‘पॅट्रोल’ या गाडीवर बेतलेली, ३,९५६ सीसीचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असलेली ही गाडी मला मनापासून आवडते. तिच्या नावातच जबलपूर, ऑर्डनन्स आणि गन कॅरेज हे शब्द दडलेले आहेत. पण सैन्याने सोडल्याचे प्रमाणपत्र, लिलावाची पावती आणि चासी क्रमांक यांचा मेळ बसत नसेल तर जोंगा कितीही देखणी असली तरी ती रस्त्यावर आणता येत नाही, आणि असे झालेले मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता कामाविषयी. पुण्यात आणल्यावर चाके काढताना पहिल्याच दिवशी आम्ही दोन स्टड, म्हणजे ज्यांवर चाकाचे नट बसतात ते आट्याचे दांडे, तोडले. या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, हे मला वाचून ठाऊक होते, पण मी ते फिटरला सांगायला विसरलो आणि त्याने पान्याला पाइप लावून जोर केला. चूक माझी होती. त्यानंतर मी गाडीच्या प्रत्येक कोपऱ्याला खडूने बाण काढले.

गाडीचा तळ का कुजला होता तेही उघडल्यावर कळले. पत्र्याच्या तळाखाली मजबुतीसाठी टोपीच्या आकाराच्या पट्ट्या असतात आणि त्या पट्ट्यांच्या पोटात कारखान्यानेच लाकूड भरलेले असते. पाणी आत शिरले की लाकूड ते धरून ठेवते आणि पत्रा आतून खात जातो. बाहेरून रंग शाबूत दिसत होता, पण पेचकसाचे टोक लावताच तो पत्र्यातून आरपार गेला. पट्टी कापल्यावर आतून जे लाकूड निघाले ते चहाच्या चोथ्यासारखे चुरत होते. मी नव्या पट्ट्यांत सागाच्या पट्ट्या बसवल्या, त्या आधी अळशीच्या तेलात मुरवल्या आणि पाणी निघून जावे म्हणून टोकांना वाट ठेवली. कारखान्याने ठेवली नव्हती. इथे मी मूळ रचनेपासून जाणूनबुजून दूर गेलो.

इंजिनाच्या ठोकळ्याला पाण्याच्या बाजूने बारीक तडा होता. बिडाला वेल्डिंग केले की उष्णतेने शेजारी दुसरा तडा जाण्याची भीती असते, म्हणून मी तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेला. तिथे एका वयस्कर कारागिरांनी तड्याच्या रेषेवर एकाला एक लागून भोके पाडली, प्रत्येकात आटे पाडून धातूच्या खिट्ट्या बसवल्या आणि वरून घासून सपाट केले. थंड अवस्थेतच घातलेले हे टाके होते. २,१९९ सीसीचे, व्हॉल्व्ह बाजूला असलेले हे इंजिन आज चालते. कॉम्प्रेशनचे प्रमाण (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते) फक्त ६.४८ असल्याने ते हलक्या प्रतीच्या पेट्रोलवरही चालावे अशी त्याची घडण होती, आणि त्याच्या धीम्या, गोल आवाजात ते ऐकूही येते. विजेची यंत्रणा मी ६ व्होल्टचीच ठेवली. बहुतेक जण १२ व्होल्ट करून घेतात. माझा अनुभव असा की जाड तारा वापरल्या आणि अर्थिंगच्या जागा धातू दिसेपर्यंत घासल्या तर ६ व्होल्टवर गाडी विनातक्रार सुरू होते.

बॉनेटची गोष्ट मात्र मला अजून सलते. अमेरिकी सैन्याच्या प्रत्येक जीपच्या बॉनेटवर दोन्ही बाजूंना नोंदणी क्रमांक रंगवलेला असे आणि जीपचा हा क्रमांक विसाने सुरू होई. नंतरच्या मालकांनी वरून रंग मारला तरी खाली तो क्रमांक टिकून असतो आणि ओल्या पॉलिश पेपरने एकेक थर उतरवत गेले तर तो सापडतो. मी बॉनेट एका वर्कशॉपमध्ये फक्त पोचे काढण्यासाठी दिले होते आणि रंगाला हात लावू नका असे दोनदा सांगितले होते. मी परगावी असताना त्यांनी उजव्या बाजूला वाळूचा मारा केला. वाळूचा मारा जाड चासीला चालतो. पातळ पत्रा त्याने ताणला जातो आणि लहरीसारखा होतो. उजवी बाजू चकचकीत, लहरदार आणि कोरी होऊन पुढे आली.

बॉनेट मी घरी आणले आणि डाव्या बाजूचे काम स्वतः हाती घेतले. बाराशे नंबरचा पेपर, साबणाचे पाणी आणि रोज रात्री एक तास. आधी निळा गेला, मग खाली पिवळट, मग लाल ऑक्साइड, मग जाड हिरवा. नवव्या रात्री हिरव्यात एक फिकट वळण दिसले आणि मी हात थांबवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात ते दोन झाले, त्याच्याशेजारी शून्य आले, आणि पुढचे तीन आकडे स्पष्ट झाले. उरलेले गंजाने खाल्ले होते. घरातली सगळी माणसे बॉनेटभोवती उभी होती.

पुढचा प्रश्न रंगाचा होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज इतर कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. नियमामागचे कारण मला पूर्णपणे पटते. सैन्याची गाडी कोणती हे रस्त्यावर एका नजरेत कळलेच पाहिजे. म्हणून गाडी मी मातकट तपकिरी रंगवली आणि बॉनेटच्या डाव्या बाजूला क्रमांकाभोवतीची दोन वीत लांबीची जागा तेवढी न रंगवता पारदर्शक लॅकरखाली जपली. उजव्या बाजूला क्रमांक नव्याने रंगवावा असे अनेकांनी सुचवले. मी रंगवला नाही. जे आकडे मला ठाऊक नाहीत ते मी अंदाजाने लिहिणार नाही.

सैन्याच्या जुन्या हेलिकॉप्टरांविषयीही मला वारंवार विचारले जाते, कारण परदेशात खाजगी संस्था अशी यंत्रे उडत्या स्थितीत ठेवतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात माजी सैनिकांच्या पुढाकाराने चालणारी एक संस्था व्हिएतनाम काळातील ह्युई हेलिकॉप्टर आजही उडवते. आपल्याकडे निवृत्त हेलिकॉप्टर सहसा संग्रहालयात किंवा चौकातील चबुतऱ्यावर जाते. गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात चेतक हेलिकॉप्टरसमोर मी बराच वेळ उभा होतो. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने फ्रेंच अलूएत ३ च्या परवान्यावर १९६५ पासून तीनशेहून अधिक चेतक बनवली. जीप आणि चेतक यांच्या जपणुकीतला फरक तिथे माझ्या लक्षात आला: जीपचा एखादा भाग निकामी झाला तर ती रस्त्याच्या कडेला थांबते, पण हेलिकॉप्टरच्या फिरणाऱ्या भागांना तासांत मोजलेले आयुष्य दिलेले असते आणि ते संपले की दिसायला निर्दोष असलेले पातेही उतरवावे लागते. शिवाय ॲल्युमिनियमचा गंज लाल नसतो. रिव्हेटच्या कडेने पांढरी भुकटी येते आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ती वाढत जाते. ते एकट्या माणसाचे काम नाही, संस्थेचे आहे, आणि आपल्याकडे अशा संस्था वाढाव्यात असे मला तळमळीने वाटते. जुनी विमानवाहू युद्धनौका आयएनएस विक्रांत अनेक वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती; २०१४ मध्ये ती भंगारात गेली. लहानपणी मी तिच्या डेकवर चाललो आहे.

माझ्या जीपला अजून मूळ चाके नाहीत. युद्धकाळातील चाकाची रिम दोन भागांची असे आणि ते भाग बोल्टने जोडलेले असत, म्हणजे टायर फाटला तरी गाडी काही अंतर चालवता यावी. अशा पाच रिमा हव्यात, चार चाकांना आणि एक जादा चाकाला. गेल्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात, पाण्याच्या मोटारींच्या ढिगाखाली, एक अर्धी रिम मिळाली. विकणाऱ्याने ती शेगडीची बैठक म्हणून ठेवली होती. तिच्या आठ बोल्टांपैकी तीन जागेवर आहेत आणि त्यांतल्या एकावर ‘एफ’ आहे. बुधवारी पुन्हा जाणार आहे. दुसरा अर्धा भाग घरी असेल असे तो म्हणाला आहे.