स्कूनच्या पाथरवटाचा मुलगा

स्कॉटलंडमधल्या पर्थ शहरातून टे नदी ओलांडून उत्तरेकडे दोनेक मैल गेले की स्कूनचा राजवाडा लागतो. येथे येणारे बहुतेक प्रवासी मूट हिल नावाच्या टेकाडासाठी येतात, कारण स्कॉटलंडच्या राजांचे राज्याभिषेक याच जागी होत असत. ज्या शिळेवर राजाला बसवीत ती मूळ शिळा आता पर्थच्या संग्रहालयात असून टेकाडावर तिची प्रतिकृती आहे. मी प्रतिकृतीवर ओझरती नजर टाकली आणि हिरवळीवर मोकळे हिंडणारे मोर मागे टाकून सूचिपर्णी वृक्षांच्या राईकडे वळलो, कारण मला पाहायचे होते ते डग्लस फरचे एक झाड. डेव्हिड डग्लस या वनस्पती-संग्राहकाने 1826 मध्ये उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून धाडलेल्या बियांपैकी एका बीपासून ते वाढले आहे.

डग्लसचा जन्म 1799 मध्ये याच स्कूनमध्ये एका पाथरवटाच्या घरी झाला. शाळेत त्याचे मन रमले नाही आणि वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास तो राजवाड्याच्या बागेत उमेदवारी करू लागला. जमीनदाराने आपल्या उपवनासाठी जुने गाव उठवून थोड्या अंतरावर नवे वसवले, त्याच काळातली ही गोष्ट. जुन्या गावाची कमान आणि बाजारातला दगडी स्तंभ अजूनही आवारात उभे आहेत. पुढे व्हॅलीफील्डच्या बागेत काम करताना त्याला मालकाच्या ग्रंथसंग्रहात वाचनाची मुभा मिळाली, आणि 1820 मध्ये तो ग्लासगोच्या वनस्पती उद्यानात दाखल झाला. तेथे विल्यम हूकर या प्राध्यापकांनी त्याला हाताशी धरले, हायलँड्सच्या डोंगरांत वनस्पती गोळा करायला सोबत नेले आणि लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे त्याची शिफारस केली. औपचारिक पदवी नसलेल्या माळ्याच्या पोराला अशी संधी मिळावी, यात हूकर यांच्या पारखीचे श्रेय फार मोठे आहे.

सोसायटीसाठी वनस्पती गोळा करायला 1824 च्या जुलैमध्ये हडसन्स बे या फर-व्यापारी कंपनीच्या जहाजातून तो निघाला आणि केप हॉर्नला वळसा घालून पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये कोलंबिया नदीच्या मुखाशी पोहोचला. त्यानंतरची दोन वर्षे तो फोर्ट व्हँकुव्हर या कंपनीच्या ठाण्याच्या आसऱ्याने पायी, घोड्यावर आणि नावेतून हिंडत होता. पाऊस, ताप, उपासमार यांचे उल्लेख त्याच्या रोजनिशीत जागोजाग येतात. वनस्पती दाबून वाळवण्याचे टिपकागद ओले झाले की आधी ते शेकोटीवर वाळवायचे आणि मग स्वतःच्या कपड्यांकडे पाहायचे, हा त्याचा क्रम वाचताना मला त्याच्याविषयी आदर वाटतो, तशी थोडी धास्तीही वाटते.

त्या रोजनिशीतला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग 1826 च्या ऑक्टोबरमधला आहे. एका स्थानिक माणसाच्या तंबाखूच्या पिशवीत त्याला पाइनच्या मोठाल्या बिया दिसल्या होत्या, आणि त्या झाडाच्या शोधात तो दक्षिणेला अम्प्क्वा नदीच्या खोऱ्यात उतरला. अखेर शुगर पाइन सापडला. आडव्या पडलेल्या एका झाडाची लांबी त्याने 215 फूट आणि बुंध्याजवळचा घेर 57 फूट 9 इंच मोजला. शेंड्यावरचे बियांचे शंकू काढण्यासाठी त्याने बंदुकीने नेम धरला, तर गोळीच्या आवाजाने आठ सशस्त्र माणसे समोर येऊन ठाकली. बंदूक रोखून काही मिनिटे एकमेकांकडे पाहत राहिल्यावर त्यांनी तंबाखू मागितली, त्याने बदल्यात शंकू आणून द्या म्हटले, आणि ते झाडीत शिरताच हाती असलेले तीन शंकू घेऊन त्याने पोबारा केला. ज्या झाडाच्या बिया लोक आधीपासून खिशात बाळगून होते, त्याचा ‘शोध’ लावला असे म्हणणे मला जड जाते. मात्र त्या बिया युरोपात रुजल्या त्या या खटाटोपामुळे, हेही तितकेच खरे.

डग्लसने एकूण दोनशेहून अधिक वनस्पती ब्रिटनमध्ये आणल्या. ल्युपिन, लाल फुलांचा करंट आणि कॅलिफोर्नियन पॉपी आज तिथल्या साध्या परसबागेतही असतात. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, त्याच्याच पिढीतला अलेक्झांडर गिब्सन हा दुसरा स्कॉट पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेची देखरेख करत होता आणि 1847 मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. हिंदुस्थानातील इंग्रजी अमदानीच्या वनखात्यात आणि बागांत स्कॉट माणसे इतकी का भेटतात, याचे उत्तर मला स्कूनसारख्या बागांच्या शिस्तीत दिसते.

पर्थहून उत्तरेला जाणाऱ्या रेल्वेने डंकेल्ड आणि बर्नम स्थानकावर उतरून हर्मिटेजच्या वनात जाता येते. ब्रान नदीच्या काठी तिथे डग्लस फरचे असे प्रचंड वृक्ष आहेत की ब्रिटनमधल्या सर्वांत उंच झाडांत त्यांची गणना होते, आणि सालीच्या खोल भेगांत बोटे घातली तरी अंत लागत नाही. हे स्कॉटलंडचे मूळ रान असावे असे कुणालाही वाटेल, पण ते दोनशे वर्षांपूर्वी नव्हतेच. याच रेल्वेमार्गावर पुढे डोंगरांवर एकसारख्या गर्द हिरव्या रंगाचे जे पट्टे दिसतात ते बहुतांशी सिटका स्प्रूसचे. डग्लसनेच ते बियाणे 1831 मध्ये पाठवले आणि आज स्कॉटलंडच्या लाकूड-उत्पादनाचा मुख्य आधार तेच झाड आहे. लाकूड भराभर वाढते हे मान्य. पण दाट लागवडीखाली ऊन पोहोचत नाही, आणि उत्तरेच्या दलदली कोरड्या करून ही झाडे लावली गेली तेव्हा मोठा वाद झाला. त्याचे खापर डग्लसवर फोडता येणार नाही, कारण झाड कुठे लावावे हे त्याने ठरवले नव्हते.

स्कूनच्या जुन्या दफनभूमीत 1841 मध्ये युरोपातील वनस्पतिप्रेमींनी वर्गणी काढून त्याचे स्मारक उभारले, पण त्याची कबर तिथे नाही. 1833 मध्ये आजच्या कॅनडातल्या फ्रेझर नदीत त्याची नाव फुटली आणि रोजनिशीसह चारशेहून अधिक वनस्पतींचे नमुने वाहून गेले. एका डोळ्याची दृष्टीही जवळजवळ गेली होती. तेथून तो हवाई बेटांवर गेला, मौना केआ आणि मौना लोआ चढला, आणि 12 जुलै 1834 रोजी मौना केआच्या उतारावर रानटी गुरे पकडण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात त्याचा मृतदेह आढळला. खड्ड्यात एक बैल होता आणि वर गाठोड्यापाशी त्याचा कुत्रा बसलेला होता. जवळच राहणाऱ्या एका माजी कैद्यावर, नेड गर्नीवर, संशय घेतला गेला. मृतदेह मिठात घालून होनोलुलूला नेऊन तपासला, आणि जखमा बैलानेच केल्याचा निष्कर्ष डॉक्टरांनी काढला. संशय मात्र अजून पुरता मावळलेला नाही. मला स्वतःला डॉक्टरांचे म्हणणे पटते, कारण अधू नजरेच्या माणसाला झाकलेला खड्डा न दिसणे अगदी शक्य आहे.

ती गुरे त्या बेटावर मूळची नव्हती. कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरने 1793 मध्ये ती राजा कामेहामेहाला भेट दिली होती आणि राजाने त्यांच्या शिकारीवर बंदी घातल्यामुळे ती रानभर वाढली. व्हँकुव्हरच्या जहाजावर तेव्हा वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून पर्थशायरचाच आर्चिबाल्ड मेंझीज होता. डग्लस फरची पहिली नोंद त्यानेच केली, म्हणून त्या झाडाच्या शास्त्रीय नावात आजही मेंझीज आहे आणि बोलण्यातल्या नावात डग्लस.